पिशवी बदलून मिळाली म्हणजे भरपाई झाली का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीन उगवले नाही की आमच्या भागात तोडगा ठरलेला असतो. कृषी सेवा केंद्राचा मालक नवी पिशवी देतो, ‘तक्रार राहिली नाही’ असा कागद पुढे करतो आणि शेतकरी सही करून मोकळा होतो. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, निघून चाललेला असतो, तेव्हा वाद घालत बसायला कुणाला सवड? पण मातीत गेलेले खत, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी आणि पेरणी लांबल्याने घटणारा उतारा, हे सगळे त्या एका सहीत बुडते.

कायदा मात्र वेगळे सांगतो. मालविक्री अधिनियम, 1930 चे कलम 59 पाहा. विक्रेत्याने हमी मोडली तर किंमत कमी करून मागता येते, आणि तशी वजावट मिळाल्यावरही जादा नुकसान उरत असेल तर त्याचा दावा वेगळा करता येतो. पिशवीच्या टॅगवर सोयाबीनची किमान 70 टक्के उगवण छापलेली असते, ती हमीच आहे, शोभेसाठी नव्हे. म्हणून पिशवी जरूर घ्यावी, पण सही करताना ‘फक्त बियाण्याच्या बदल्यात, इतर नुकसानीचा हक्क राखून’ एवढे स्वतःच्या हाताने लिहावे. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

कंपनीचे पुढचे उत्तरही पाठ असते : ‘ओल कमी होती, पेरणी खोल गेली.’ कधी ते खरेही असते. पण ‘नमुना कुठे आहे?’ हा प्रश्न शेतकऱ्याला विचारण्यात अर्थ नाही, त्याने सगळे बी पेरलेले असते. राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली हेच म्हटले. बियाणे घेणारा शेतकरी ग्राहक आहे, बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाचे दार बंद नाही, आणि त्याच लॉटचा (एकत्र तयार झालेल्या बियाण्याच्या गटाचा) नमुना तपासून घेणे कंपनीला शक्य होते, असा तो निकाल आहे.

खरी अडचण बिलाची. उधारीवर बियाणे नेले की हातात कच्ची चिठ्ठी पडते, तिच्यावर ना वाण, ना लॉट नंबर. बियाणे नियंत्रण आदेश, 1983 नुसार उधारीचेही बिल देणे दुकानदाराला बंधनकारक आहे. बिल, टॅग आणि रिकामी पिशवी जपली तर जिल्हा ग्राहक आयोगात दुकानदार व कंपनी दोघांनाही प्रतिवादी करता येते. मुदत दोन वर्षांची, खरेदी 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपल्याच जिल्ह्यात दाखल होते.

2020 च्या खरिपात तक्रारी इतक्या आल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तरी तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा मिळवायला आजही खेटे घालावे लागतात. आयोगापुढे सगळी भिस्त त्या कागदावर असते. तेव्हा कृषी विभागाने एवढे करावे : पाहणी झाली त्याच दिवशी पंचनाम्याची सहीशिक्क्याची प्रत बांधावरच शेतकऱ्याला द्यावी, आणि ती न देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी कारण घ्यावे.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक, जि. हिंगोली