नमुना खराब, तर भाव खराब

महोदय,

सोयाबीनची आवक वाढली की 'ई-नाम'वर, म्हणजे शेतमालाच्या सरकारी ऑनलाइन बाजारावर, भाव पाडला, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. १४ एप्रिल २०१६ पासून सुरू असलेल्या या ऑनलाइन लिलावात लांबच्या खरेदीदाराला ढिगात हात घालता येत नाही. तो नमुन्याच्या अहवालातले ओलावा, काडीकचरा, डागी दाणे आणि डाळ (फुटलेले दाणे) यांचे आकडे पाहून बोली लावतो. म्हणून तयारी खळ्यावरच करावी लागते.

ओलाव्याचा हिशेब आधी मांडा. १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आला की साडेपंचाण्णव किलो भरतो. कोरड्याला ४५०० रुपये मिळत असतील आणि ओल्याला ४३०० च्या आत बोली येत असेल, तर वाळवणेच परवडते. मात्र ९ टक्क्यांपर्यंत वाळवलात तर क्विंटलमागे आणखी सव्वातीन किलो फुकट जाते. ताडपत्रीवरचा तापलेला दाणा निवू द्या, मगच पोते शिवा. गरम भरला की आत दमट होतो.

गंजीच्या बुडाचा भिजलेला, काळपट माल चांगल्यात कधीच मिसळू नका. चार पोती खपवायच्या नादात चाळीस पोत्यांचा नमुना बिघडतो. त्याचा वेगळा लॉट करा. हडंब्याचे (मळणी यंत्राचे) फेरे जास्त ठेवले की डाळ पडते, तेही सांभाळा आणि चाळणी मारूनच गाडी भरा.

गेटवर लॉट क्रमांकाची पावती घ्या, बँक खात्याचा क्रमांक तपासा. नमुना एकाच पोत्याच्या तोंडचा मूठभर नको. वेगवेगळ्या पोत्यांतून, वरचा, मधला, तळचा, तुमच्या समोर काढायला लावा.

खरे दुखणे पुढे आहे. काही ठिकाणी हर्रासी (लिलाव) तोंडी उरकते आणि ठरलेला आकडा नंतर संगणकात चढवला जातो. मग बाहेरचा खरेदीदार येणार कुठून? आलेली बोली पटली नाही तर नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. तो काट्यावर माल चढण्याआधी वापरा. पट्टीवरचे (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवरचे) वजन, भाव आणि कपात तिथेच जुळवून पाहा.

नमुन्याचा अहवाल चढवल्याशिवाय एकही लॉट लिलावात घेऊ नये आणि तो अहवाल लॉट क्रमांकासह फलकावर लावावा, एवढे बाजार समित्यांनी याच हंगामात करावे.

— एक सोयाबीन उत्पादक, जि. वाशीम