किती दोरे? ग्रंथालयातील काकांना एक जाहीर आभारपत्र

सोलापूर

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण सेवानिवृत्त झालात त्या दिवशी केगावला विद्यापीठात माझा पेपर होता आणि मला आपल्या निरोप समारंभाला येता आले नाही. तेथे शाल, श्रीफळ आणि भाषणे झाली, असे मैत्रिणींकडून कळले. वक्त्यांनी आपला वक्तशीरपणा, मितभाषी स्वभाव आणि पुस्तकांची निगा यांविषयी सांगितले. ते सगळे खरेच आहे. परंतु गणिताच्या एका विद्यार्थिनीसाठी आपण जे केले ते त्या भाषणांत येणे शक्य नव्हते, कारण ते आपण आणि मी सोडून कोणाला ठाऊकच नव्हते. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ‘माझं नाव कुठं घालू नका’ हे आपले नेहमीचे वाक्य ध्यानात ठेवून नाव मात्र लिहिलेले नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी वास्तव विश्लेषणात, म्हणजे आम्ही सगळे ज्याला रिअल ॲनालिसिस म्हणतो त्या विषयात, नापास झाले. दहावीपर्यंत मोहोळला मराठी माध्यमात शिकलेली, अकरावी-बारावी इंग्रजी पुस्तके पाठ करून काढलेली मुलगी मी. सीमेची, म्हणजे लिमिटची, व्याख्या मला एप्सिलॉन-डेल्टासह तोंडपाठ होती आणि तिचा अर्थ काडीमात्र कळलेला नव्हता. वर्गात शंका विचारावी तर ‘हे मागच्या सत्रात झाले आहे’ एवढेच उत्तर मिळत असे. गुणपत्रिका हातात पडली त्या दुपारी मी ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर बसून विषय बदलण्याचा अर्ज लिहीत होते. आपण डबा उघडून कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी माझ्यासमोर ठेवली, अर्जाकडे पाहिले आणि ‘आधी खा, मग लिही’ एवढेच म्हणालात.

तो अर्ज पुढे दिला गेला नाही, याचे श्रेय मी भाकरीला देत नाही. दुसऱ्या दिवशी आपण संदर्भ विभागातून गणितशास्त्र परिभाषा कोश काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलात. कोश घरी देता येत नाही हा नियम आपण मोडला नाहीत. रोज साडेचारला तो त्याच टेबलावर माझी वाट पाहत असे, आणि शेवटची मोहोळ गाडी निघण्यापूर्वी मी पोहोचावे म्हणून आपण मला वेळेची आठवणही करून देत होतात. कंटिन्युइटी म्हणजे सांतत्य, कन्व्हर्जंट म्हणजे अभिसारी, हे वाचल्यावर विषय सोपा झाला असे मी म्हणणार नाही, कारण ‘अभिसारी’ हा शब्दही रोजच्या बोलण्यातला नव्हे. पण सातत्य आणि सांतत्य यांत फरक कशाला केला असेल, असा प्रश्न पडला आणि पहिल्यांदाच मी व्याख्येकडे पाठांतराचे वाक्य म्हणून न पाहता त्यातल्या एकेका शब्दापाशी थांबले.

त्याच सुमारास आपण यंत्रमागावरच्या दिवसांविषयी बोललात. ग्रंथालयात लागण्यापूर्वी आपण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डे पाडत होतात, हे मला तोवर माहीत नव्हते. चादरीच्या मापात फरक किती चालतो, असे मी सहज विचारले, तेव्हा आपण म्हणालात, ‘फरक किती चालतो ते गिऱ्हाईक आधी सांगतं, मग त्या हिशेबानं आम्ही माग लावतो. गिऱ्हाईक अजून बारीक मागेल तर आम्हीबी अजून बारीक लावायचं.’ आपण पुढे सुताच्या भावाकडे वळलात, मी मात्र तेथेच अडकून राहिले. एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात चालणारा फरक, समोरचा सांगतो, डेल्टा, म्हणजे त्यासाठी सुरुवातीला राखायचा फरक, आपण शोधायचा, आणि समोरच्याने कितीही लहान एप्सिलॉन मागितला तरी शोधून दाखवायचा: क्रम हा असा आहे, आणि मी वर्षभर तो उलटा वाचत होते. संपूर्ण थानभर एकच डेल्टा पुरला तर ते एकसमान सांतत्य. जागोजागी वेगळा लावावा लागला तर नुसते सांतत्य. पुढच्या परीक्षेत मी हा विषय सोडवला, आणि आज कोणी आवडते विषय विचारले तर तो दुसऱ्या क्रमांकावर असतो.

पहिला क्रमांक ज्याचा आहे त्याची गोष्ट माझ्या वहीच्या मागच्या पानांवर सुरू झाली.

रांगोळी हा माझा लहानपणापासूनचा छंद. आईने ठिपक्यांची रांगोळी शिकवली होती, पण ठिपके एकमेकांना जोडणारी ती रांगोळी निराळी आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांपुढे दिसणारे वळणांचे मुग्गु निराळे. त्यात रेघ ठिपक्याला स्पर्श करत नाही. ती ठिपक्यांच्या मधून तिरकी जाते, कडेला पोहोचली की वळते, आणि प्रत्येक ठिपका एकेका घरात बसवून अखेर सुरुवातीच्या जागी परतते. येता-जाता पाहून मी ते वहीत उतरवत असे. अभ्यासाच्या वहीत हे काय, असे कोणीही म्हणाले असते. आपण पान आपल्याकडे वळवून घेतलेत, बोटाने रेघेचा माग काढलात आणि विचारलेत, ‘ताई, हे किती दोऱ्यांचं हाय?’

मी मोजलेच नव्हते. आकृती चार ओळींची होती, दर ओळीत सहा ठिपके. बोट फिरवत गेले तर अर्धीच आकृती पुरी होऊन रेघ मिटली. उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी रेघ लागली. दोन दोरे. आपण आलेख कागदाची एक वही काढून दिलीत आणि म्हणालात की घरात काकू एका दोऱ्यात काढतात तेव्हा ठिपके वेगळे मांडतात, पण कसे ते त्यांनाच ठाऊक. त्या आठवड्यात मी एसटीत, जेवताना, वर्गातही (आता कबूल करण्यास हरकत नाही) ठिपके मांडत होते. तीन ओळी, चार ठिपके: एक दोरा. दोन गुणिले दोन: दोन दोरे. तीन गुणिले तीन: तीन. पाच गुणिले सात: एक. सहा गुणिले नऊ: तीन. शुक्रवारी संध्याकाळी सावळेश्वरच्या टोलनाक्यावर गाडी थांबलेली असताना मला दिसले की दोऱ्यांची संख्या म्हणजे ओळींची संख्या आणि ओळीतले ठिपके यांचा मसावि आहे. शाळेत पाचवी-सहावीत ज्याचा कंटाळा आला होता तोच मसावि. मी शेजारी बसलेल्या आजींना ते सांगितले, आणि त्यांनी फार समजूतदारपणे मान हलवली.

का, हे कळायला आणखी तीन महिने गेले. आकृतीतून तिच्या आखूड बाजूएवढा एक चौरस कापून टाकला तरी दोऱ्यांची संख्या बदलत नाही. चार गुणिले सहामधून चार गुणिले चार काढले की उरते चार गुणिले दोन, त्यातून दोन गुणिले दोन काढले की उरते दोन गुणिले दोन, आणि त्याचे दोरे दोन. असे कापत जाणे म्हणजेच युक्लिडची मसावि काढण्याची रीत. हा नियम जगाला आधीच ठाऊक होता, हे मला पुढे समजले. त्याचे वाईट वाटले नाही, उलट आपण योग्य रस्त्यावर होतो याचा आनंद झाला. आकृतीच्या आत कुठे दोरा मुद्दाम वळवला तर हा नियम मोडतो, आणि काकू नेमके तेच करतात.

यानंतर अमूर्त बीजगणित शिकायला मिळाले आणि त्यातली गटांची कल्पना समोर आली, तेव्हा मला परके वाटले नाही. आकृतीला काय केले असता ती आहे तशीच दिसते, एवढाच प्रश्न तेथे विचारलेला असतो, आणि त्याची उत्तरे म्हणजे गट. एकाच दिशेने पुनःपुन्हा येणाऱ्या नक्षीच्या पट्टीच्या सममितीचे केवळ ७ प्रकार असतात. संपूर्ण पृष्ठभाग भरणाऱ्या नक्षीचे १७. मी घरातल्या, शेजारच्या आणि दुकानातल्या चादरींचे काठ पाहून त्या सातांपैकी कोणते सापडतात याची यादी करू लागले. (एका दुकानदाराने, घ्यायची नसेल तर घडी मोडू नका, असे सुनावले, ते योग्यच होते.) यादी घेऊन आपल्याकडे आले तेव्हा आपण मागाच्या बाजूने जे सांगितलेत ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला मिळाले नसते.

एका कार्डाने एक आडवा धागा ठरतो. कार्डाला भोक असेल तेथला उभा धागा उचलला जातो, नसेल तेथला खालीच राहतो. डावी बाजू उजवीकडे आरशासारखी हवी असेल तर अर्ध्याच फुलाची कार्डे पाडायची आणि धागे तशा जोडणीने बांधायचे. खालचे वर उलटे हवे असेल तर तीच कार्डे शेवटाकडून पहिल्याकडे चालवायची. म्हणून मागाला ही दोन्ही प्रतिबिंबे स्वस्त पडतात. फूल काटकोनात फिरवायचे म्हटले की मात्र कार्डे नव्याने पाडावी लागतात, आणि उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसेल तर कागदावरचा चौरस कापडावर चौरस राहत नाही. मी १७ प्रकारांचा तक्ता पाठ करत होते आणि आपण त्यातला कोणता किती कार्डांत बसतो हे सांगत होतात. ज्या जकार्डने १८०४ साली फ्रान्समध्ये हे यंत्र उभे केले, त्याच्या भोकांच्या कार्डांवरूनच पुढे इंग्रज गणितज्ञ बॅबेजला आपले गणनयंत्र कार्डांनी चालवण्याची कल्पना सुचली, हे मी आपल्याला वाचून दाखवले होते. आपण म्हणालात, ‘म्हणजे मी बी कॉम्प्युटरवालाच होतो की.’ होतातच.

बाकीच्या विषयांविषयी थोडक्यात लिहिते, कारण आपण प्रत्येक निकालानंतर विचारत असत. रेषीय बीजगणित आवडले, जटिल विश्लेषण फारच आवडले, विकल समीकरणे निभावली, आणि संख्यात्मक विश्लेषणाशी माझे अजूनही जमलेले नाही. संख्याशास्त्र नव्हे, संख्या सिद्धान्त मात्र माझ्या छंदांत जमा आहे. एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांच्या चार अंकी क्रमांकांवर मी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची क्रिया करते: अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे, आणि पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. मागच्या आठवड्यात एका ऊसवाहू ट्रकचा क्रमांक ४७१३ होता. ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या! एवढ्या अडेल ट्रकचे मला कौतुक वाटले. हा खेळ मला आपणच दाखवलेल्या एका जुन्या मासिकातून लागला. त्या अंकाचे मुखपृष्ठ फाटले होते आणि आपण ते खळीने चिकटवले होते.

आपण मला गणित शिकवले, असे म्हटले तर आपल्याला आवडणार नाही आणि ते खरेही होणार नाही. सीमेची व्याख्या आपल्याला ठाऊक नव्हती. गट म्हणजे काय हे मी सांगितल्यावर आपण ‘बरं’ म्हणालात आणि पुस्तकांवर क्रमांक घालू लागलात. आपण एक कोश वेळेवर टेबलावर ठेवलात, एक जागा राखून ठेवलीत आणि माझ्या ज्या पानाला मी स्वतःच रिकामपणाचा उद्योग समजत होते त्याविषयी एक नेमका प्रश्न विचारलात. माझ्या गुणपत्रिकेवर आणि रांगोळीवर सारखेच लक्ष देणारे दुसरे कोणी मला महाविद्यालयात भेटले नाही. यासाठी मी आपली मनापासून ऋणी आहे, आणि हे आपल्यासमोर बोलून दाखवण्याचे धैर्य तीन वर्षांत मला झाले नाही, त्याबद्दल क्षमा मागते.

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी वळणांच्या मुग्गुचाच विषय मागितला आहे. आत मुद्दाम वळवलेल्या दोऱ्यांचा हिशेब कसा लावायचा, हा प्रश्न त्यात घेणार आहे, आणि त्यासाठी मला काकूंच्या हातच्या आकृत्या पाहाव्या लागतील. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत आपल्या घरी येणे जमणार नाही. त्या आधीच्या रविवारी सकाळी यावे म्हणते. दारात काकूंनी जे काढलेले असेल ते कृपया कोणी पुसू देऊ नये. आलेख कागदाच्या त्या वहीची चार पाने शिल्लक आहेत, ती मी सोबत आणते.

काकूंना सादर नमस्कार.

आपली कृपाभिलाषी,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी