सदास पत्र

लालबाग, मुंबई

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणपतीत तू म्हणालास की दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, आणि मी 'तू कधीपासून डॉक्टर लागून गेलास?' असे म्हणून ताटावरून उठलो. क्षय निघाला हे बाळ्याकडून तुला कळले असेलच. तू खरा ठरलास, म्हणून लिहिले नाही. आता प्रकृती ठीक आहे.

सहा महिन्यांची औषधे संपली, थुंकीत जंतू उरले नाहीत आणि 'बरे झालात' म्हणून माझी फाईल बंद झाली. परंतु तिसरा मजला चढताना दुसऱ्यावर, नानींच्या दाराशी, चपलेचा पट्टा नीट करण्याचे निमित्त काढून मला थांबावे लागे, आणि नानी काही न बोलता नातवाला आत ओढून घेत. जंतू मेले तरी फुप्फुसात व्रण राहतात, काही श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठतो आणि एक्स-रेवरचे डाग जात नाहीत, हे मला तेव्हा कोणी सांगितलेच नाही. त्यामुळे प्रत्येक उबळीनंतर मी चोरून रुमाल उघडून पाहतो.

अखेर एका डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडले. तेथे पहिल्या दिवशी, बोटाला ऑक्सिमीटर लावून, 30 मीटरच्या बोळात सहा मिनिटे येरझारा घालायच्या होत्या. धावायचे नाही, बोलायचे नाही. मला दादरचा पूल आठवला. (मला मागे टाकून तू पकडलेल्या त्या फास्ट लोकलचा हिशेब अजून बाकी आहे.) दोनदा थांबून 310 मीटर झाले. दम शून्य ते दहांत किती, असे विचारल्यावर मी ऐटीत 'तीन' म्हणालो; बाई नुसत्या पाहत राहिल्या, तेव्हा 'सात' म्हणावे लागले.

आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा गेलो. चालणे, पायांचे व्यायाम, आरशावर वाफ धरावी तसा 'हा' करून कफ सुटा करणे, आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडत पायरी चढणे. या चंबूवर तू काय बोलशील ते मला ठाऊक आहे. परवा न थांबता 352 मीटर चाललो. फुप्फुस होते तसेच आहे, पायांत बळ आले, असे बाई म्हणतात. ताप आला, वजन घटले किंवा रक्त दिसले तर लगेच यायचे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. तरीही रुमाल पाहण्याची खोड जात नाही, आणि ही गोष्ट घरात बोललो तर तिची झोप उडेल.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीला कॉलेज मिळाले का? कळव.

मुंबईस आलास तर दादरला पूल उतरून खाली ये. मी खालीच उभा असेन.

तुझा,
अरविंद