कुलूप नसलेली पुस्तकपेटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई आता घरोघरी सुरू होईल आणि माळ्यावरची पुस्तकं किलोच्या भावानं रद्दीत जातील. त्याआधी हे पत्र छापावं, एवढी विनंती.

उन्हाळ्यात दोन महिने मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलला लेकीकडे होते. तिथं घरांच्या पुढ्यात खांबावर लाकडी पेट्या दिसायच्या. मला त्या टपालाच्या वाटल्या. नात म्हणाली, "आजी, त्यात पुस्तकं असतात. हवं ते न्यायचं, आपल्याकडचं ठेवायचं." मग एका शनिवारी आम्ही दोघी डबा बांधून निघालो आणि दुपारपर्यंत अकरा पेट्या पाहिल्या. नंतर जावई सेंट क्रॉय नदीपलीकडे, विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी घेऊन गेले, कारण या पेट्यांची सुरुवात तिथलीच.

2009 साली हडसनच्या टॉड बोल यांनी गॅरेजच्या जुन्या दाराच्या लाकडातून आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीसाठी एक पेटी केली. आकार एका खोलीच्या शाळेचा. अंगणात खांबावर बसवून तीत फुकट न्यायला पुस्तकं ठेवली. पुढे मॅडिसनचे रिक ब्रुक्स त्यांना येऊन मिळाले. अमेरिकेतले उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी पूर्वी अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसा दिला होता. तेवढ्या पेट्या करायच्या असं दोघांनी मनावर घेतलं आणि 2012 मध्येच तो आकडा ओलांडला. बोल 2018 मध्ये गेले. 'लिटल फ्री लायब्ररी' या नावानं चालणाऱ्या त्यांच्या उपक्रमाच्या पेट्या आज शंभरहून जास्त देशांत आहेत, दीड लाखाच्या वर.

एका खोलीची शाळा हे ऐकून मला भरून आलं. माझ्या नोकरीची पहिली सहा वर्षं सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर, एकशिक्षकी शाळेत गेली. शाळेला गोष्टींच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी मिळाली होती. एखादं हरवलं तर डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, काय दाखवायचं, या धास्तीनं मी तिला कुलूप लावलं. तपासणीला साहेब आले की पुस्तकं मोजून द्यायची. सहा वर्षांत एकही कमी भरलं नाही, एकाचाही कोपरा दुमडला नाही. पोरं खिडकीतून त्या पेटीकडे बघायची. ते कुलूप मी काढायला हवं होतं, हे आजही बोचतं.

सेंट पॉलमधली एक निळी पेटी मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. उतरतं छप्पर, पारदर्शक दार, बंद करायला नुसती लाकडी खिटी. वरच्या फळीवर स्वयंपाकाची पुस्तकं आणि पावसानं फुगलेली एक कादंबरी, खालच्या फळीवर चित्रांची पुस्तकं, त्यातल्या एकाच्या पुठ्ठ्यावर बाळाच्या दातांच्या खुणा. लहानांचा हात पोचावा म्हणून खाली एक खोकं उपडं घातलेलं. घरमालक आजोबा झाडांना पाणी घालत होते. नातीनं दुभाषीपण केलं. ते म्हणाले, एकदा कुणीतरी अख्खी पेटी रिकामी केली होती, आठवड्यात शेजाऱ्यांनी ती पुन्हा भरली. रोज सकाळी ते स्वतः दार उघडून बघतात आणि जुनी गाईडं कुणी टाकली असतील तर काढून टाकतात. असा एक माणूस मागे हवाच, नाहीतर पेटीची कचराकुंडी व्हायला वेळ लागणार नाही.

आपल्या नाशिकला हे परकं वाटायचं कारण नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. त्याच 2009 मध्ये इथं कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं आणि पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचवल्या. त्यांचं मोल मोठंच आहे. मी मागतेय ती त्यांच्या शेजारची छोटी गोष्ट: नाव, वर्गणी, अनामत काही न विचारणारी, गल्लीतली पेटी. कामवाल्या ताईंची मुलगी, वॉचमनचा मुलगा वाचनालयाची पायरी चढायला बिचकतात. गेटजवळच्या पेटीशी ते थांबतील.

पावसाळा, कसर, वाळवी यांची काळजी खरी आहे. म्हणून आमच्या सोसायटीत पेटी वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली, भिंतीपासून चार बोटं सोडून बसवतो आहोत. सुताराला माप दिलंय. खालची फळी जमिनीपासून दोन फुटांवर, आणि कडी-कोयंडा नको म्हणून दोनदा बजावून सांगितलंय.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक