ड्यूक भाडं भरतो

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. नमस्कार.

थंडीची काळजी करू नका. खोलीत हीटर आहे. फोनवर आवाज बसलेला वाटला तो झोपेमुळे, दुसरं काही नाही.

बाबा, इथल्या इंग्लंडमधलं चॅट्सवर्थ पाहिलं, डेव्हनशायरच्या ड्यूकचं, म्हणजे बड्या सरदाराचं, वाड्यासारखं घर. आपली बसराई, श्रीमंती, ग्रँड नैन ही केळी सगळी कॅव्हेंडिश गटातली ना? ते या घराण्याचं आडनाव! सहाव्या ड्यूकचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने मूळ चीनचं, मॉरिशसमार्गे आलेलं केळीचं रोप इथल्या काचघरात वाढवलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये ते निसवलं, पुढच्या मेपर्यंत घडात शंभरावर केळी. बी नाही, म्हणून पुढचा सगळा पसारा बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांवरच. मग त्याने २७७ फूट लांबीचं मोठं काचघर बांधलं, आठ बॉयलरवर तापणारं. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं गारठून मेली आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ते पाडलं.

पण खरी गंमत पुढेच. ड्यूकचं कुटुंब या घरात भाडं भरून राहतं! नीट सांगतो. दहाव्या ड्यूकने जिवंतपणीच इस्टेट मुलाकडे वळवली. तेव्हाच्या कायद्याने देणारा पुढे पाच वर्षं जगला, तरच वारसा कर माफ. ते नोव्हेंबर १९५० मध्ये गेले, मुदतीला काही आठवडे उरले होते. कर ८० टक्के! जमिनी, चित्रं, पुस्तकं गेली. १५४९ मध्ये ही जागा ज्या जोडप्याने घेतली, त्यातली बायको म्हणजे बेस. तिने उतारवयात बांधलेला हार्डविक हॉल हा वाडाही करापोटी गेला. पुन्हा तसं होऊ नये म्हणून १९८१ मध्ये घर, बाग आणि संग्रह ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका धर्मादाय ट्रस्टकडे दिला. तिकिटाचे पैसे ट्रस्टला, आणि आपल्या खोल्यांचं भाडं घरचे ट्रस्टला देतात.

हे एवढं लांबण लावलं, कारण काका म्हणतात, सातबारा आत्ताच बाळूच्या नावावर करा. आपल्याकडे वारसा कर १९८५ लाच रद्द झाला, त्यामुळे त्या भीतीने घाई नको. आणि करायचंच झालं, तर ताईचंही नाव लावा. शेताला पाणी ती देते, मी नाही.

ताईच्या लग्नाच्या हॉलचे उरलेले पैसे पगार झाला की पाठवतो. रजेचा अर्ज दिलाय. साखरपुड्याला नव्हतो म्हणून ताई काही बोलत नाही, पण फोन आईकडे लगेच देते. लग्नाला येईन असं तिला इतक्यात सांगू नका. रजा मंजूर झाली की मीच सांगतो.

आपला,
बाळू