दाढ भाजली, गडी ३

नारायण पेठेतल्या काकांना,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. आभार मानू नका असं मात्र म्हणाला नव्हतात. तेवढी पळवाट मी शोधली आहे.

आईच्या आजोबांच्या वह्या तुम्ही पाहिल्यातच. महाडकडच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती पत्र्याची ट्रंक भंगारात निघाली होती. आईने त्यातून लाल फडक्यात बांधलेल्या चार वह्या तेवढ्या उचलल्या आणि पुण्याला आणल्या. सगळ्या मोडी लिपीत. शके १८५१ एवढं कुणीतरी वरती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहिलेलं, म्हणजे १९२९ साल. बाकी आम्हाला अक्षर कळेना.

तुमच्याकडे येण्याआधी दोन जाणकारांचे उंबरे झिजवले. एकांनी वही उघडलीसुद्धा नाही. "किराणा-बिराणा असतो यात. जमिनीचे कागद असतील तर आणा." दुसऱ्यांनी पानामागे पैसे घेतले, चार महिने फोन उचलला नाही आणि शेवटी तीन टाइप केलेले कागद हातात ठेवले. त्यातलं एक वाक्य आमच्या घरात गाजलं: "दाढेस डाग दिला. त्यास माणसे तीन लागली." माझा मुलगा म्हणाला, दोघांनी धरलं असेल आणि एकाने डागलं असेल. पोट धरून हसलो आम्ही. आई तेव्हा आत पोळ्या लाटत होती. तिला ते वाचून दाखवावं हे मलाही सुचलं नाही. दुसऱ्यांना नावं ठेवायला बसले आहे, तर ही एक चूक माझ्याही खाती मांडते.

मग तुम्ही भेटलात. फी विचारली तर म्हणालात, "इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरचे कागद मागत हिंडले. तुम्ही कागद माझ्या घरी घेऊन आलात, वर मीच पैसे घेऊ?" आई सोबत होती ती केवळ मी तिला दवाखान्यातून आणत होते म्हणून. ती नेहमीसारखी दाराजवळच्या स्टुलावर टेकली. तुम्ही उठलात, तुमची खुर्ची तिला दिलीत आणि स्वतः मोड्यावर बसलात.

मोडी कशी लिहायची ते तुम्ही तिला दाखवलंत, मला नव्हे. आधी आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्द कुठे सुटला याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नाही. "म्हणजे दोरीवर ओळीने कपडे वाळत घातल्यासारखं," आई म्हणाली. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हे मी पुढच्या वर्गात सांगणार."

त्यानंतर ती ओळ आली. तुम्ही भिंग धरून वाचलंत, "दाढ भाजली. गडी ३. भात पायली ३." आणि थांबलात. मला वाटलं, आता तुम्हीही दात काढणार. (कोटी अनवधानाने झाली, राहू दे.) तुम्ही सरळ म्हणालात, "अक्षरं स्वच्छ आहेत. अर्थ मला लागत नाही." चाळीस वर्षं मोडी वाचणारा माणूस एवढं सहज म्हणतो, ते मी पहिल्यांदा ऐकलं. आणि वही आईकडे फिरवून, भिंग तिच्या हातात देऊन विचारलंत, "ताई, तुम्ही सांगा."

आई चौथी शिकलेली. फॉर्मवर 'शिक्षण' असा रकाना आला की आवाज खाली जातो तिचा. त्या दिवशी मात्र ती सुटलीच. "अहो भाऊ, तोंडातली दाढ नाही ही! भाताचं रोप करायचा तुकडा म्हणजे दाढ. आधी कवळ तोडायचं, झाडाच्या फांद्या पाल्यासकट. ते वाळलं की जमिनीवर पसरायचं. शेण, गवत, पातेरा, वरून बारीक माती. वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवायचं, म्हणजे भडकत नाही, धुमसत राहतं. तणाचं बी मरतं, राख खताला होते. पाऊस लागला की त्यात पेरायचं आणि तीनेक आठवड्यांनी रोपं काढून लावणी."

"आणि गडी तीन कशाला?" तुम्ही विचारलंत.

"एक पेटवायला, एक माती ओढायला, आणि एक पाण्याची घागर घेऊन बांधावर. आग पलीकडे गेली तर?"

तुम्ही पेन्सिल घेतलीत. समासात लिहिलंत: दाढ – भाताच्या रोपांसाठी भाजलेली जमीन. माहिती... आणि थांबून विचारलंत, "पूर्ण नाव सांगा. माहेरचं. वही त्या घरची आहे."

माहेरचं पूर्ण नाव तिने पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नसावं. पहिल्यांदा अडखळली, सासरचं आडनाव तोंडात आलं. तुम्ही पेन्सिल टेकवून वाट पाहिलीत. घाई केली नाहीत. मग तिने नीट सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि तुम्ही ते लिहून तिला दाखवलंत.

एवढंच, काका. घरी येताना रिक्षात तिने मला दोनदा विचारलं, "ते पेन्सिलीने लिहिलंय, पुसलं तर जाणार नाही ना?" अलका चौकाच्या सिग्नलला मला रडू आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

पुण्यात विद्वानांना तोटा नाही. आपल्या पेठेत दगड मारला तर एखाद्या अभ्यासकाला लागेल. पण समोरच्याला जे ठाऊक आहे ते आपल्याला नाही, हे कळूनही ज्यांचं काही बिघडत नाही, अशी माणसं मोजकी. बँकेत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आईला कुणी काही विचारत नाही, तिला फक्त सांगतात. तुम्ही विचारलंत. आता दर गुरुवारी तुम्ही तिला अक्षरं शिकवता आणि ती तुम्हाला चिपटं, मापटं, शेर, पायली सांगते. चार शेरांची पायली हे तुम्हाला पुस्तकातून ठाऊक होतं. शीग, म्हणजे मापावरची रास, लावून आणि शीग पुसून मोजण्यात केवढा फरक पडतो आणि सावकार कुठे काय करायचा, ते तिच्याकडून कळलं, असं तुम्हीच म्हणालात.

जाता जाता एक इशारा. रात्री जेवणं झाली की ती तुमच्या कित्त्यावर बोरूने अक्षरं गिरवते आणि मग वही काढते. पान ११ वर तुम्ही 'बैल नवा घातला' असं वाचलंय, ते तिला मान्य नाही. तिच्या मते ते 'वैल' आहे, चुलीशेजारचा. "बैल घेतात गं, घालतात कुठे?" असं तिचं म्हणणं. येत्या गुरुवारी भिंग घेऊन भांडायला येणार आहे. चहा जरा जास्त टाका.

आपली,
गुरुवारची तिसरी