सांडव्यावर जाळी लावायची नाही, सांगून ठेवते

प्रिय बाबू,

काल फोनवर मी हो हो केलं कारण घरात रोवणीच्या बाया चहाला बसल्या होत्या, पण ते हो म्हणजे हो नव्हतं. आज पाऊस उघडला आहे, म्हणून बसून टाईप करते. लांब होईल, वैतागू नको.

तू म्हणतोस बोडीच्या, म्हणजे आपल्या शेतातल्या तळ्याच्या, सांडव्यावर, जिथून भरल्यावर जास्तीचं पाणी निघून जाते तिथं, दोन फुटाची सिमेंटची भिंत टाकू, तिच्यावर जाळी लावू म्हणजे रोहू-कतला वाहून जाणार नाहीत, आणि पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, आंब्याची कलमं. तुझी एक्सेल शीट पाहिली. छान आहे, मासे किलोप्रमाणे, कलमं नगाप्रमाणे, सगळं आहे. फक्त त्यात पाऊस नाही.

पुण्यात राहून तुला बोडी म्हणजे मोठा फिश टँक वाटून राहिला असेल तर तुझा दोष नाही, पण ती आबाजींनी धानासाठी बांधली. आपल्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ऐकायला भरपूर, पण पडतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान गर्भावर येतो सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा उत्तरा-हस्त रुसले की लोंब पोचट. त्या वेळचं एक पाणी म्हणजे अख्खं पीक. गावचा मोठा तलाव मालगुजाराचा, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराचा होता, १९५१ ला मालगुजारी गेली तसा तो सरकारजमा झाला, त्याचं पाणी आपल्या वरच्या बांध्यांना (धानाच्या खाचरांना) कधीच चढत नव्हतं, आणि खालच्यांची पण पाण्याच्या बारीवरून भांडणं. बोडी मात्र आपल्या सातबाऱ्यात राहिली. एक एकराची जागा, सरासरी पाच फूट पाणी, म्हणजे साठ लाख लिटरच्या घरात. पाच एकर धानाला अडीच-तीन पाणी त्यातून निघतात, मुरणं-उडणं धरून. मासे वरकमाई आहेत, मिळाले तर मिळाले.

आता तेच साठ लाख लिटर उलट्या बाजूनं बघ. दहा हजार लिटरचे सहाशे टँकर झाले. ते सहाशे टँकर बारा फूट उंच मातीच्या ढिगाला टेकवून ठेवले आहेत, आणि ढिगाच्या खाली पहिले दुसऱ्याच्या बांध्या आहेत, मंग टोलीवरची, त्या छोट्या वस्तीतली, नऊ घरं. तू शाळेत असताना तिथं तीनच घरं होती.

सांडव्याच्या कोरेपासून पाळीच्या माथ्यापर्यंत आज तीन फूट मोकळे आहेत आणि तुला ते वाया चालले असं दिसते. वरच्या टेकडीचं वीस एकराचं पाणी आपल्या बोडीत येते. एका रात्री चार इंच पडला (आणि पडते, तुला आठवत असेल) तर त्या वीस एकरावर ऐंशी लाख लिटर पडलं, थोडं मुरलं तरी भरलेल्या बोडीवर अजून एक बोडीभर पाणी चालून आलं. ते जाणार कुठून, सांडव्यातूनच. ते पसरून निघून जाईपर्यंत चढायला जागा हवी म्हणून ते तीन फूट. तू दोन फुटाची भिंत टाकली तर एक फूट उरला, आणि जाळीत बेशरमच्या झुडपाच्या फांद्या, पळसाची पानं, थर्माकोल अडकलं की तो पण गेला. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो एकवेळ सहन करते, पण मातीच्या पाळीवरून गेलं की गुळाच्या ढेपेवर पाण्याची धार सोडल्यासारखं होते, आधी बोटभर चर पडते, मंग हातभर, मंग आपण फक्त पाहत राहायचं.

तुझ्या जाळीपायी मी दोन रात्री मोबाईलवर वाचत बसले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये साऊथ फोर्क म्हणून मातीचं धरण होतं, बहात्तर फूट उंच, मूळ सरकारनं कालव्यासाठी बांधलेलं, नंतर खाजगी हातात गेलं. मधल्या एका मालकानं तळातले पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून भंगारात विकले. मग श्रीमंत लोकांच्या क्लबनं ते मासे धरायला आणि हवापालटाला घेतलं, घोडागाडी जावी म्हणून पाळीचा माथा थोडा खाली उतरवला आणि मासे पळू नये म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला धो धो पाऊस, जाळ्या कचऱ्यानं तुंबल्या, पाईप नाहीत म्हणून पाणी खालून सोडता येईना, पाणी पाळीवरून गेलं. खाली जॉन्सटाऊन शहर. २,२०९ माणसं मेली. माशांसाठी रे बाबू! वाचून मी उठले आणि बॅटरी घेऊन आपला सांडवा पाहून आले, रात्रीचे साडेदहा झाले होते, कुत्री भुंकून राहिली.

आता आपल्या घरचं. तू चौथीत होतास, पोळ्याच्या आधीची गोष्ट. त्या उन्हाळ्यात तुझ्या बाबांनी पाळीतून सहा इंची पीव्हीसी पाईप टाकला होता, पाणी सोडायला सोयीचं म्हणून. चर खोदला, पाईप ठेवला, माती ढकलली आणि झालं. थर टाकून पाणी मारून धुम्मसानं (माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकायला पाहिजे होती, ती ठोकली नाही, घाई होती आणि मजूर लग्नात गेले होते. बोडी भरली तसं पाणी पाईपातून न येता पाईपाच्या बाजूनं यायला लागलं, पहिले करंगळीएवढं. मी संध्याकाळी गेले तर गढूळ, चहासारखं. बाबा धावत पोतं घेऊन भोक बुजवायला निघाले, तेवढ्यात वरच्या मोहल्ल्यातले म्हातारे कोहळी आजोबा आले (कोहळ्यांच्या पिढ्या तलाव बांधण्यात गेल्या, त्यांना सांगावं लागत नाही), त्यांनी पोतंच धरून ठेवलं. म्हणाले, "बुजवू नका बापा, दुसरीकडून फुटंल. पहिले रेती टाका, मंग बारीक गिट्टी, मंग मोठी. पाणी येऊ द्या, माती येऊ देऊ नका." रात्रभर तेच केलं, आणि दुसऱ्या टोकाला सांडव्याचा मुरूम दीड फूट खोल फोडून बोडी हळूहळू उतरवली. हळूहळू का, तर पाणी एकदम काढलं की आतली भिजलेली बाजू घसरून येते, हे पण त्यांनीच सांगितलं. तू कंदील धरून उभा होतास, उभ्या उभ्या झोपत होतास. पाळ वाचली, पण खालच्या दोन बांध्यांत मुरूम-माती जाऊन त्यांचं रोवणं दबलं आणि बाबांनी दिवाळीनंतर त्यांना चार पोती धान नेऊन दिला. कोणी मागितला नव्हता.

तेव्हापासून माझा एक काचेचा गिलास बोडीवरच्या खोपडीत (झोपडीत) असते. पाळीच्या पायथ्याशी पूर्वेकडे जी ओल आहे ना, तिथलं पाणी गिलासात धरायचं आणि उजेडात पाहायचं. मातीची पाळ थोडी पाझरणारच, नितळ असलं तर घरी या. तळाशी गाळ बसला तर पाळीच्या पोटातली माती निघून राहिली. आज सकाळी नितळ होतं.

खेकड्यांची बिळं, उंदरांची बिळं मी पावसाळ्याआधी खोदून चिकणमातीनं ठोकून भरून घेते. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळ तिवरे धरण फुटून वीसेक माणसं गेली, तेव्हा मंत्री म्हणाले खेकड्यांनी फोडलं, आणि तुम्ही पोरं किती हसलात. खेकडे बिळं करतात, खोटं नाही. पण गळतीची ओरड गावकरी आधीपासून करत होते, देखरेखीच्या रजिस्टरवर सही खेकडा करत नाही, माणूस करते. कलमांचं म्हणशील तर आंबा परसात लाव, पाळीवर नाही. झाड वाऱ्यानं पडलं की मुळासकट पाळीचा लचका नेते, आणि वाळलं तर मुळं कुजून आत नळ्या राहतात. पाळीवर गवत बरं, खालचं काही झालं तर दिसते तरी.

आणि तू म्हणालास ना, "काही झालं तर सरकार बघेल". धरण सुरक्षेचा २०२१ चा कायदा आहे, तो पंधरा मीटरच्या वरच्या धरणांना, आणि दहा ते पंधरामधल्या काही मोठ्यांना. आपली बारा फूट, म्हणजे पावणेचार मीटर पण नाही. तिथं कोणी इंजिनियर येत नाही, मी येते, गुडघा दुखत असला तरी. माझ्यानंतर सातबाऱ्यावर तुझं नाव लागेल तेव्हा तू.

खर्चच करायचा असेल तर सांडव्याच्या उताराला दगडाची पिचिंग करू, म्हणजे दगडं घट्ट बसवून घेऊ, दरवर्षी थोडा थोडा खचून राहिला. दिवाळीला आलास की टेप घेऊन दोघं मोजू. मासे वाहून जातात म्हणशील तर जाऊ दे, खालच्या बांध्यांत पोरं धरतात, त्यांच्या घरी कालवण होते.

तुझं जाळीचं पार्सल परवाच आलं होतं, मी सांगितलं नाही. फोडलं आहे, त्यामुळे परत घेणार नाहीत. टमाट्यावर टाकली, माकडं फार झाली आहेत. चांगली मजबूत आहे.

तुझी आई